नापास होता न येणारी विद्या

रेकीचा पहिला वर्ग बहुधा एका शनिवार-रविवारात उरकतो. त्यात रेकीचा इतिहास सांगितला जातो, शरीरावर हात कुठे आणि किती वेळ ठेवायचे ते दाखवले जाते आणि मध्ये एक विधी होतो. शिष्य डोळे मिटून, हात जोडून बसतो. मास्टर त्याच्या मागेपुढे उभे राहून मस्तकावर आणि तळहातांवर काही चिन्हे रेखतात. याला अ‍ॅट्यूनमेंट म्हणतात. आपल्याकडच्या वर्गांत त्यालाच दीक्षा किंवा शक्तिपात असेही म्हटले जाते. या विधीनंतर शिष्याच्या हातांतून विश्वाची जीवनशक्ती वाहू लागते, ती पुढे आयुष्यभर आटत नाही आणि त्यासाठी बुद्धीची, साधनेची किंवा श्रद्धेचीही अट नसते, असे शिकवले जाते. रेकीवरचे आपल्याकडचे वाद बहुतेक या शक्तीच्या अस्तित्वाभोवती फिरतात. एक बाजू अनुभवांचे दाखले देते, दुसरी विज्ञानाचा हवाला देते, आणि कोणाचेच मत तसूभर हलत नाही. मला त्याहून उपयोगी वाटतो तो शिकण्या-शिकवण्याचा प्रश्न. या वर्गातून बाहेर पडणाऱ्या माणसाला असे काय येते, जे आत शिरताना येत नव्हते? आणि एखाद्याला ते आलेच नसेल, तर ते कोणाला आणि कशावरून कळेल?

कळीचा प्रश्न दुसरा आहे. शिकवणे खरोखर घडते तिथे न येण्यालाही जागा असते. तबला शिकणारा समेवर आला नाही, तर ते गुरूला कळते, शेजारच्या विद्यार्थ्याला कळते आणि काही दिवसांनी त्याचे त्यालाही कळते. या चुकण्यातूनच शिकण्याला अर्थ येतो, आणि शिकवणाऱ्याचा अधिकारही त्यातूनच सिद्ध होतो. ऊर्जाउपचारांच्या आजच्या प्रचलित शिक्षणात ही जागाच ठेवलेली नाही. विधी झाला की विद्या आली. हातांना ऊब जाणवली तर शक्ती वाहते आहे, आणि काहीच जाणवले नाही तरीही ती वाहतेच आहे. रोग्याला बरे वाटले तर रेकीने वाटले. त्रास वाढला तर शरीरातली अशुद्धी बाहेर पडते आहे, आणि काहीच घडले नाही तर शक्ती जिथे गरज आहे तिथे गेली. प्रत्येक निकाल अनुकूलच लागावा अशी ही रचना आहे. ती शिकवणाऱ्यांच्या लबाडीतून आली, असे मी मानत नाही. बहुतेक रेकी शिक्षक मनापासून शिकवतात. पण मनापासून शिकवलेली गोष्टही तपासून पाहावी लागते, आणि ही तपासणी किमान तीन वेळा फार काळजीपूर्वक झालेली आहे.

आधी मूळ पाहू, कारण रेकीची सुरुवातीची पद्धत आजच्या वर्गापेक्षा बरीच वेगळी होती. मिकाओ उसुई यांचा जन्म १८६५ साली जपानच्या गिफू प्रांतातला. क्योटोजवळच्या कुरामा पर्वतावर एकवीस दिवसांच्या उपवासानंतर त्यांना साक्षात्कार झाला, अशी परंपरेची समजूत आहे. १९२२ साली त्यांनी टोकियोत आपली संस्था, गाक्काई, स्थापन केली. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १९२३ रोजी, कांतो भूकंपाने टोकियो आणि योकोहामा उद्ध्वस्त झाले. जखमींवर त्यांनी उपचार केले, असा उल्लेख टोकियोच्या सैहोजी मंदिराच्या आवारातल्या त्यांच्या स्मारकशिलेवर आहे. १९२६ मध्ये ते वारले आणि ही शिला १९२७ मध्ये उभारली गेली. त्यांच्या शिकवणुकीचा गाभा पाच दैनंदिन नियमांचा होता: राग टाळावा, चिंता करू नये, कृतज्ञ असावे, काम मन लावून करावे, इतरांशी दयेने वागावे. आणि हे सारे फक्त आजच्या दिवसापुरते ठरवावे. गाक्काईच्या परंपरेत दीक्षेचा विधी एकदाच होऊन संपत नसे, तो बैठकीगणिक पुन्हा पुन्हा होई. रोग्याच्या शरीरातली त्रासाची जागा शिष्याच्या हाताला जाणवू लागली आहे, अशी गुरूची खात्री झाल्यावरच त्याला पुढची पायरी मिळे. ही कसोटी गुरूच्या मनातली होती आणि ती बाहेरून तपासता येत नव्हती, हे खरे. तरी कसोटी असावी आणि शिष्य वर्षानुवर्षे खालच्या पायरीवर राहू शकतो, हे तिथे मान्य होते.

उसुईंचे शिष्य चुजिरो हायाशी हे नौदलातले निवृत्त डॉक्टर. टोकियोत त्यांनी दवाखाना काढला. हवाई बेटांवर जन्मलेल्या जपानी वंशाच्या हावायो ताकाता १९३५ मध्ये आजारी अवस्थेत तिथे पोहोचल्या, बऱ्या झाल्या आणि शिकण्यासाठी थांबल्या. सुमारे वर्षभर त्यांनी रोज दवाखान्यात रोग्यांवर काम केले, मग त्या हवाईला परतल्या आणि १९३८ मध्ये मास्टर झाल्या. म्हणजे पाश्चात्त्य जगाला रेकी देणारी व्यक्ती स्वतः उमेदवारी करून शिकली होती. त्यांनी पुढे दिलेले शिक्षण मात्र वेगळ्या वळणाने गेले. १९७० पासून १९८० मधल्या मृत्यूपर्यंत त्यांनी बावीस मास्टर घडवले आणि मास्टरपदासाठी दहा हजार डॉलर घेतले. उसुई हे ख्रिस्ती धर्मशिक्षक होते आणि शिकागो विद्यापीठात शिकले होते, अशी जी कथा त्या सांगत, तिला कोणताही कागद मिळालेला नाही, स्मारकशिलेवरही तसे काही नाही. युद्धानंतरच्या अमेरिकेत जपानी विद्येला दारे उघडावीत म्हणून ही कथा घडली असावी, हे समजण्यासारखे आहे. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, हा त्यांच्या शिकवणीतला मुद्दा मात्र त्यांच्यामागे टिकला, वाढला, आणि त्यातून आजची रचना उभी राहिली: पहिली पदवी, दुसरी पदवी, मास्टर, ग्रँड मास्टर. मास्टर होताच दुसऱ्याला मास्टर करण्याचा अधिकार मिळतो, त्यामुळे शिक्षकांची संख्या पिढीगणिक वाढत जाते. रोग्यावर काम करण्यात वर्ष घालवण्याची अट याच प्रवासात कुठेतरी गळाली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ही विद्या भारतात आली, ती जपानहून थेट न येता पाश्चात्त्य शिक्षकांच्या मार्फत. येताना तिने वाटेत चक्रांची भर घातली होती. जपानी रेकीचा भर पोटातल्या केंद्रावर असे. सात चक्रे आणि सप्तरंगांची त्यांची जोडी हा विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य गूढवादाचा जोड आहे. थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांचे चक्रांवरचे पुस्तक १९२७ चे. मराठी माणसाला मात्र चक्र हा शब्द ऐकताच घरचे काही भेटल्यासारखे वाटते, आणि त्याला तसे कारणही आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे सविस्तर वर्णन आहे, नाथपंथाची परंपरा आपल्या मातीत आहे. म्हणूनच इथे थोडे थांबून पाहायला हवे. त्या परंपरेत कुंडलिनीची गोष्ट आसन, प्राणायाम, इंद्रियनिग्रह आणि गुरूच्या सहवासातल्या दीर्घ साधनेच्या संदर्भात येते, आणि तिचे ध्येय साधकाची मुक्ती हे आहे. दुसऱ्याच्या गुडघेदुखीवर शुल्क घेऊन करायचा इलाज नव्हे. रेकीला आपल्या परंपरेचा आधार आहे असे म्हणणाऱ्याने त्या परंपरेची शिस्तही मागितली पाहिजे. आणि मुळात, शंभर वर्षांपूर्वी जपानात सुरू झालेल्या पद्धतीचा प्राचीनतेवर हक्कही फारसा पोहोचत नाही.

आता तपासण्यांकडे. पहिली तपासणी रेकीच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे, पण ती इथे लागू पडते, कारण ती याच प्रकारच्या शिक्षणाची होती. फ्रान्झ मेस्मर यांनी पॅरिसमध्ये प्राणिज चुंबकत्वाचा उपचार सुरू केला, तेव्हा त्यांच्याही पद्धतीत अदृश्य सर्वव्यापी प्रवाह होता, तो हातांनी वळवण्याची कला होती, आणि ती शिकवणारी संस्था होती. १७८३ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत शिरायला शंभर सुवर्णलुई भरावे लागत आणि गुप्ततेची शपथ घ्यावी लागे. १७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. मेस्मर स्वतः पुढे आले नाहीत. त्यांचे सहकारी देस्लाँ यांनी प्रयोगांना होकार दिला. फ्रँकलिन राहत असलेल्या पासीच्या बागेत देस्लाँनी जर्दाळूचे एक झाड भारले. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकामागून एक चार झाडांपाशी नेण्यात आले. तो घामाघूम होत गेला आणि चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडला. त्या चारांपैकी एकही झाड भारलेले नव्हते; भारलेले झाड तिथून काही अंतरावर उभे होते. आयोगाने मुलाला ढोंगी म्हटले नाही. परिणाम खरा आहे, पण तो प्रवाहाने न होता कल्पनेने होतो, असा निष्कर्ष त्याने नोंदवला. परिणाम मान्य करून त्याचे कारण वेगळे काढण्याची ही पद्धत आजही या विषयातली सर्वांत न्याय्य पद्धत आहे.

दुसरी तपासणी १९९८ ची. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठातल्या परिचर्येच्या प्राध्यापक डोलोरेस क्रीगर आणि थिऑसॉफिस्ट डोरा कुन्झ यांनी थेरप्यूटिक टच नावाची पद्धत सुरू केली. नाव स्पर्शाचे असले तरी हात शरीरापासून काही इंचांवर फिरवून ऊर्जाक्षेत्र जाणायचे आणि सारखे करायचे, अशी ती कला. तिची विद्यापीठीय शिकवणी निघाली आणि अनेक परिचारिकांनी ती घेतली. फिलिपिन्समधले केमिकल इंजिनिअर चोआ कोक सुई यांचे प्राणिक हीलिंगही, ज्यावरचे त्यांचे पुस्तक १९८७ मध्ये आले, हात दूर ठेवून ऊर्जा जाणण्यावरच उभे आहे. रेकीपेक्षा या पद्धती तपासायला सोप्या आहेत. इथे शक्ती मिळाल्याचा दावा तर आहेच, शिवाय ती हाताला कळते असाही दावा आहे, आणि कळणे तपासता येते. हे काम एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञानप्रकल्पासाठी केले. मधे पडदा. पडद्याच्या तळाच्या फटींतून उपचारक दोन्ही हात तळवे वर करून पुढे करणार. एमिली नाणे उडवून ठरलेल्या बाजूच्या हातावर, न टेकवता, आपला हात धरणार, आणि कोणत्या हाताजवळ ऊर्जाक्षेत्र आहे ते उपचारकाने सांगायचे. एकवीस उपचारक आणि २८० फेऱ्या झाल्या. नुसत्या अंदाजाने निम्मी उत्तरे बरोबर यावीत. आली ४४ टक्के. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा निबंध छापून आला.

यावर लगेच आक्षेप आले, आणि ते ऐकण्यासारखे आहेत. मुलगी निरोगी होती, तिच्या क्षेत्रात दोषच नव्हता, मग जाणवणार काय? शिवाय प्रयोगामागे तिची आई होती, ती परिचारिका असली तरी या पद्धतीची जाहीर विरोधक होती. दुसरा आक्षेप लेखकांच्या हेतूविषयी आहे आणि हेतूने नाण्याचा छापा-काटा बदलत नाही. पहिला आक्षेप अधिक गंभीर, पण वर्गांत जे शिकवले जाते त्याच्याशी तो जुळत नाही. तिथे पहिल्याच पाठात निरोगी सोबत्याच्या हाताचे क्षेत्र जाणायला शिकवतात, आणि प्रयोगातले उपचारकही आपल्याला ते जाणवेल असे मानूनच बसले होते. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र त्या निबंधातली सर्वांत मोलाची नोंद वेगळीच आहे. उपचारकांचा अनुभव एका वर्षापासून सत्तावीस वर्षांपर्यंत होता, आणि अनुभवाचा व बरोबर उत्तरांचा काही उल्लेखनीय संबंध आढळला नाही. सत्तावीस वर्षे केलेल्याला आणि एक वर्ष केलेल्याला सारखेच येत असेल, तर मधल्या सव्वीस वर्षांत शिकले काय गेले?

तिसरी तपासणी खुद्द रेकीची, आणि ती अनेक अभ्यासांत विखुरलेली आहे. त्यांची युक्ती साधी: रेकी न शिकलेल्या माणसाला फक्त हात ठेवण्याच्या जागा आणि वेळ शिकवायची, आणि त्याच्याकडून बतावणीची रेकी देववायची. घेणाऱ्याला खरी कोणती आणि बतावणीची कोणती हे ओळखता येत नाही, हे १९९९ मध्येच दाखवले गेले होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखण्याचा विकार असलेल्या शंभर जणांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या गटांत घातले. काहींना मास्टरची रेकी मिळाली, काहींना नटांची, काहींना स्पर्शाने, काहींना दुरून, आठवडे आठ. कोणत्याही गटाच्या दुखण्यात फरक पडला नाही. दुसरा अभ्यास २०११ चा, केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांचा, आणि या सगळ्या साहित्यात मला तो सर्वांत बोलका वाटतो. एका गटाला नेहमीची शुश्रूषा, दुसऱ्याला खरी रेकी, तिसऱ्याला बतावणीची. रेकीच्या गटाला नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा स्पष्टपणे अधिक बरे वाटले, मन आणि शरीर निवांत झाले. बतावणीच्या गटालाही तितकेच. खऱ्या-खोट्यात फरक निघाला नाही. लेखकांनी निष्कर्ष काढला की एका परिचारिकेने एका रुग्णाजवळ थांबून त्याच्याकडे लक्ष दिले, यानेच काम झाले. ऊर्जा देण्याचा प्रयत्न असो वा नसो.

या अभ्यासातून मला सांगायचे ते सगळे निघते. दीक्षेने शिष्याला जे मिळते असे म्हणतात, ते न मिळालेल्या माणसाच्या हातूनही तेच घडते. म्हणजे त्या वर्गात दोन गोष्टी शेजारी शेजारी शिकवल्या जातात. एक गुप्त चिन्हांची आणि दीक्षेची, जिच्यासाठी पैसे मोजले जातात. दुसरी म्हणजे तासभर एखाद्या माणसाजवळ शांत बसायचे, त्याच्यावर हलका हात ठेवायचा, मध्ये बोलायचे नाही, घाई करायची नाही, फोन बाजूला ठेवायचा. परिणाम दुसरीचा आहे. आणि ही दुसरी गोष्ट खरोखरची कला आहे. ती येते किंवा येत नाही, ती सरावाने सुधारते, ती चुकू शकते. आजचा रेकीचा वर्ग हे खरे कौशल्य अनवधानाने शिकवतो आणि त्याचे श्रेय दुसऱ्याच गोष्टीला देतो. चिन्हे १९९० च्या दशकातच पुस्तकांतून छापून बाहेर आली. गुप्ततेचे कारण तेव्हाच संपले, तरी पदव्यांची उतरंड जिथल्या तिथे आहे.

रेकीच्या बाजूचे शास्त्रीय उत्तरही नोंदले पाहिजे. २०१७ मध्ये डेव्हिड मॅकमॅनस यांनी तेरा अभ्यासांचा आढावा घेतला आणि त्यांपैकी आठांत रेकी प्लासिबोहून, म्हणजे बतावणीच्या उपचाराहून, सरस ठरल्याचे सांगितले. लेखक स्वतः रेकी संघटनेशी संबंधित आहेत म्हणून तो आढावा टाकून द्यावा, असे मी म्हणणार नाही; एमिलीच्या आईला जो न्याय, तोच त्यांनाही. अडचण दुसरी आहे. त्यांनी मोजलेले बहुतेक अभ्यास लहान आहेत, आणि लहान अभ्यासांत अनुकूल निकाल छापला जाण्याची शक्यता नेहमीच जास्त असते. उपचार करणाऱ्याला आपण खरी रेकी देतो की बतावणीची हे ठाऊक असते, आणि त्याचा विश्वास आवाजातून, चेहऱ्यावरून, हाताच्या भारातून रुग्णापर्यंत पोहोचू शकतो. कडक निकष लावणारे आढावे वेगळे बोलतात. २००८ च्या आढाव्याला नऊ अभ्यासांतून कोणत्याही विकारावर रेकीची परिणामकारकता सिद्ध झालेली दिसली नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याला नैराश्य आणि चिंतेवर रेकीचे फक्त तीन अभ्यास मिळाले, रुग्ण एकूण १२४, आणि त्यांवरून काही म्हणता येत नाही असे त्याने नोंदवले. पुरावा नाही म्हणजे परिणाम नाही असे होत नाही, हे खरे. पण मास्टरपदाची फी आज घेतली जाते आणि पुरावा मात्र उद्यावर टाकला जातो.

ज्यांना रेकीने बरे वाटले, त्यांचे काय? त्यांना बरे वाटले, हेच उत्तर. हा अनुभव खोडून काढणे असभ्य आहे आणि चुकीचेही. हार्वर्डचे टेड कॅपचक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आतड्याच्या त्रासाच्या, म्हणजे आयबीएसच्या, २६२ रुग्णांवर अभ्यास केला. पहिला गट नुसता प्रतीक्षायादीत. दुसऱ्याला खोटे अ‍ॅक्युपंक्चर, तेही थंडपणे, कामापुरते बोलून. तिसऱ्याला तेच खोटे अ‍ॅक्युपंक्चर, पण आस्थेने चौकशी करून, ऐकून घेऊन, धीर देऊन. पुरेसा आराम वाटलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. यातली शेवटची उडी केवळ माणसाने माणसाकडे लक्ष दिल्याची आहे. आता शेजारी दुसरा आकडा ठेवा. ६७ देशांतल्या माहितीच्या २०१७ च्या आढाव्यानुसार, जगाची निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते, तिथे प्राथमिक पातळीवरचे डॉक्टर एका रुग्णाला सरासरी पाच मिनिटे किंवा त्याहूनही कमी वेळ देतात. बांगलादेशात ४८ सेकंद. आपल्या ओपीडीच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही हे पटवून द्यावे लागणार नाही. तासभर आपले कोणी ऐकते आहे, आपल्या कपाळावर हात ठेवून बसले आहे, हे ज्याला पहिल्यांदा रेकीच्या गादीवर मिळाले, त्याला भोळा म्हणण्याचा अधिकार त्या रांगेच्या व्यवस्थेला नाही. रेकी पसरली, कारण वैद्यकाने एक जागा रिकामी सोडली होती.

मग अपाय काय, असा प्रश्न येतो आणि तो सर्वांत वाजवी आक्षेप आहे. हात ठेवल्याने कोणी मरत नाही. पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत किती अंतर असू शकते, हे दम्याच्या २०११ च्या एका अभ्यासाने अंगावर काटा येईल इतके स्वच्छ दाखवले. औषधाचा इन्हेलर, खोटा इन्हेलर आणि खोटे अ‍ॅक्युपंक्चर या तिन्हींनंतर रुग्णांनी जवळजवळ सारखाच आराम सांगितला, पन्नास टक्क्यांच्या आसपास. फुप्फुसांची क्षमता मोजली तेव्हा औषधाने ती वीस टक्के वाढली होती. दोन्ही खोट्या उपचारांनी सात टक्के, आणि काहीच न करता बसलेल्यांचीही तितकीच. म्हणजे रुग्ण मनापासून बरे वाटते असे सांगत असताना त्याची श्वासनलिका आवळलेलीच असू शकते. इथे रुग्णाच्या अनुभवावर विसंबून राहणे जिवावर बेतू शकते. कर्करोगाच्या बाबतीत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांचा मृत्यूचा धोका तशाच इतर रुग्णांच्या अडीच पट निघाला, स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून अधिक. त्यांनी नेमके कोणते पर्यायी उपचार घेतले हे तिथे वेगवेगळे नोंदलेले नाही, त्यामुळे हा आकडा रेकीच्या माथी मारता येणार नाही. पण उपचारांना लागलेला उशीर कोणत्याही पद्धतीच्या नावाने झाला तरी त्याचा परिणाम तोच असतो. या धोक्याचे मूळ स्पर्शात नाही, शिक्षणात आहे. आपण दिलेली शक्ती रोग बरा करते असे ज्याला शिकवले गेले आहे, त्याला रोग्याला डॉक्टरकडे पाठवण्याचे कारणच दिसत नाही.

विज्ञानाला सगळे कळलेले नाही, उद्या ही ऊर्जा सापडेल, असेही म्हटले जाते. सापडली तर आनंद आहे. मात्र वरचे प्रयोग ऊर्जा मोजायला निघालेच नव्हते, त्यांना उपकरणही लागले नाही. त्यांनी इतकेच विचारले की शिकलेल्याला जमते आणि न शिकलेल्याला जमत नाही, असे काही आहे का. या प्रश्नाचे उत्तर ऊर्जेच्या स्वरूपाविषयी काहीही कळले नाही तरी देता येते.

आपल्याकडचा कायदा या शिक्षणाला जवळपास स्पर्शच करत नाही. आयुष मंत्रालयाच्या पद्धतींत रेकी नाही, त्यामुळे तिला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, नोंदणीही नाही. १९५४ चा जादुई उपचार व आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा ठरावीक रोगांवरच्या इलाजाच्या जाहिराती रोखतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा साप, विंचू, कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांना अडवणाऱ्याला शिक्षा करतो. दोन्ही कायदे योग्य आहेत, पण ते गुन्हा घडल्यानंतरचे आहेत. रेकीवर बंदी घालावी असे मला अजिबात वाटत नाही. बंदीने ती बंद दारामागे जाईल आणि तपासणी आणखी अवघड होईल. मागणी शिक्षकांकडे करायला हवी. वर्गाचा मोठा भाग स्पर्शावर, ऐकण्यावर, गप्प बसण्यावर आणि रोग्याची संमती घेण्यावर खर्च व्हावा, आणि शिष्याने हे सारे शिक्षकाच्या नजरेखाली अनेक माणसांसोबत करून दाखवावे, जसे ताकातांनी हायाशींच्या दवाखान्यात केले. छातीत कळ, अचानक तोंड वाकडे होणे, न थांबणारा रक्तस्राव, स्तनातली गाठ, आत्महत्येचे विचार, ही लक्षणे ओळखून त्याच क्षणी हात काढून घेऊन माणसाला दवाखान्यात पाठवणे, हा परीक्षेचा पहिला प्रश्न असावा. यात जो चुकला तो नापास, मग त्याच्या हातांना कितीही ऊब जाणवत असो. कोणाचे औषध बंद करायला सांगणे हे या विद्येत अक्षम्य मानले जावे. दीक्षेचा विधी ज्याला भावतो त्याने जरूर करावा, पण त्याचे पैसे घेऊ नयेत.

शिक्षकांकडून यावर एक शेवटचा आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक असेल: शक्तीची गोष्ट काढून घेतली तर लोकांचा विश्वास जाईल, आणि विश्वासाबरोबर परिणामही. ही भीती बहुधा अनाठायी आहे. कॅपचक यांनीच २०१० मध्ये आयबीएसच्या ऐंशी रुग्णांवर आणखी एक अभ्यास केला. त्यातल्या एका गटाला गोळ्या देताना स्पष्ट सांगितले की यात औषध नाही, पण अशा गोळ्यांनीही काहींना बरे वाटते. तीन आठवड्यांनी त्या गटातल्या ५९ टक्के रुग्णांनी पुरेसा आराम वाटल्याचे सांगितले. गोळी न दिलेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी खरे सांगितल्याने सारे कोसळत नाही, इतके त्यातून दिसते. आणि जिथे हे करून पाहायला सर्वांत योग्य जागा आहे, तिथे शक्तीच्या गोष्टीची गरजही नाही. १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालेले शांती आवेदना सदन, त्याची गोव्यातली शाखा, पुण्यात १९९७ पासून चालणारे सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र, अशा ठिकाणी रोग बरा करण्याचा दावाच नसतो. तिथे जवळ बसणे, हात धरणे आणि वेदना कमी होईल ते सारे करणे हेच काम असते. रेकीचा शिक्षक आपल्या शिष्यांना घेऊन अशा ठिकाणी परवानगीने गेला, डॉक्टर आणि परिचारिकांच्या देखरेखीखाली बसला, आणि कोणत्या शिष्याजवळ माणूस निवांत होतो व कोणाजवळ होत नाही हे पाहू लागला, तर या विद्येत नापास होण्याची सोय होईल.